पाटाच्या अटी

पाहुणे चहा पीत होते आणि आमचे चिरंजीव त्यांना बाईची अनीती समजावून सांगत होते.

बहिणीला बघायला माणसं आलेली. बहीण विधवा, पदरात आठ वर्षांची पोर. अशा वेळी भावानं चार गोष्टी पाऊसपाण्याच्या बोलाव्यात, द्राक्षाला यंदा काय भाव आला ते विचारावं, नाहीतर बिस्किटांची बशी पुढं सरकवून गप्प बसावं. निवृत्तीला ते जन्मात जमलं नाही. समोर दोन माणसं बसली की त्याचा वर्ग भरतो. हिंदुराव मान्यांनी आपलं रीत म्हणून विचारलं, "सर, सध्या काय लिखाण चाललंय?" तर यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि सुरू झाला तो पाऊण तास थांबला नाही.

मी आतल्या दाराशी बसून ऐकत होते. शंभर वर्षांपूर्वीची कुणा शास्त्रीबुवांची कादंबरी, तिच्यात हेमकला नावाची नायिका. दिसायला देखणी, घरची गरीब. एका शिपायावर जीव होता, पण लग्न केलं म्हाताऱ्या सावकाराशी. सावकार मेला तशी इनामदाराकडं जाऊन राहिली. जाईल तिथं आधी दागिना बघायची, मग माणूस. निवृत्तीनं त्या बाईवर सहा वर्षं घालवली, तिच्या जिवावर डॉक्टर झाला, आणि आता त्याचं पुस्तक छापखान्यात होतं. 'अनीती आणि अर्थलाभ' असं काहीतरी नाव. "तिच्या दृष्टीनं शरीर, मन, दिलेला शब्द, सगळंच विक्रीला होतं," असं तो म्हणाला आणि नेमकी तेव्हाच शालन पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेली.

मी कपाळाला हात लावला.

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. तेव्हा आम्ही तासगावात राहत होतो, निवृत्तीच्या कॉलेजामागच्या वसाहतीत. घर त्याचं आणि त्याच्या बायकोचं. मी त्याच्याकडं, आणि शालन पोरीला घेऊन माझ्याकडं, म्हणजे पुन्हा त्याच्याचकडं. शालनचा नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, घाटात गेला. दिवस झाल्यावर सासरच्यांनी तिला एक ट्रंक दिली आणि पोरगी दिली, आणि एस.टी.तच बसवून पाठवलं. चार वर्षं झाली होती त्याला.

हिंदुराव विट्याकडचे. आमच्या भागातले निम्मे लोक गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या. कुणी मद्रासला, कुणी कानपूरला. हिंदुरावांचं दुकान कोइमतूरला होतं. शेहेचाळिशीचा माणूस, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, दोन मुलगे लग्न झालेले, तिथंच दुकानात. माणूस बोलायला कमी, हाताला भाजल्याचे डाग. मला बरा वाटला. शालनलाही बरा वाटला, हे मी ओळखलं, कारण पोह्यांची तिसरी बशी तिनं त्यांच्यासमोर हळू ठेवली, बाकीच्यांच्या आदळल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी निवृत्तीला म्हणाले, "बाबा, तुझी ती सटवी आज आपल्या घरात कशाला आणलीस?"

"आई, तो वाङ्मयाचा विषय आहे," तो म्हणाला.

"पाव्हण्यांनी शालनकडं बघितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांम्होरं वाङ्मय नव्हतं."

तो हसला. तेव्हा तो अजून हसायचा माझ्या बोलण्यावर.

चार दिवसांत निरोप आला की मुलगी पसंत आहे, पुढच्या रविवारी बैठकीला येतो. निरोप घेऊन आले सखारामतात्या. आमच्या जुन्या गावचे, त्र्याहत्तर वर्षांचे, सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेली. गैरसोयीचं काही विचारलं की त्यांना ऐकू येत नसे, एरवी शेजारच्या आळीतलं ऐकू येई. मी त्यांना तिथंच सांगितलं, की मुलीकडून दोन अटी आहेत. गावाकडं हिंदुरावांनी स्लॅबचं नवं घर बांधलंय, ते पाटाआधी शालनच्या नावावर व्हायचं. आणि वैजूला, म्हणजे शालनच्या पोरीला, ती शिकेल तिथपर्यंत शिकवायचं. तात्यांना बरोबर ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान हलवून निघून गेले.

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. पाटाला वाजंत्री नाही, मांडव नाही, सवाष्णी पुढं येत नाहीत. पण एक गोष्ट पाटात असते ती पहिल्या लग्नात बाईला मिळत नाही. पहिल्या लग्नात बाप बोलतो, चुलता बोलतो, बाई बैलासारखी उभी असते. पाटात बाईला विचारावं लागतं, तुझं काय म्हणणं आहे. आमच्या गावाकडं ही रीत होती, आणि पंचांसमोर एकदा ठरलं की पुरुषाला ते मोडता येत नसे. शिकलेल्या लोकांनी पाटाला पुनर्विवाह म्हणायला सुरुवात केली, पत्रिका छापल्या, आणि तेवढी एक गोष्ट मात्र विसरून गेले.

रविवारच्या आधी घरात आठवडाभर भांडण झालं.

मी तेव्हा व्यापाऱ्याकडून बेदाणा निवडायला घरी आणायचे. काड्या काढायच्या, काळा दाणा बाजूला करायचा. प्राध्यापकाच्या आईनं हे करावं हे निवृत्तीला आवडायचं नाही, पण माझ्या तंबाखूला मी कुणापुढं हात पसरलेला नाही. त्या दिवशी शालन आणि मी बेदाण्याला बसलो होतो आणि तो कॉलेजातून आला तो उभ्या उभ्याच बोलायला लागला. तात्यांनी वाटेत गाठून त्याला अटी सांगितल्या होत्या. त्याला शरम वाटली होती म्हणे. घर मागणं म्हणजे सौदा झाला. माणूस माणसाशी लग्न करतो, सिमेंटशी नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्या पुस्तकात जे त्यानं तीनशे पानं झोडपलं, तेच त्याच्या घरात व्हायचं, ते त्याला चालणार नव्हतं.

मी म्हणाले, बस खाली, आणि मला तुझ्या त्या बाईची गोष्ट नीट शेवटपर्यंत सांग.

तो बसला. सांगायला मिळालं की तो राग विसरतो. त्यानं हेमकलेचं सगळं सांगितलं, शिपाई कसा भाबडा, सावकार कसा खोकायचा, हिनं त्याच्या उशाखालची किल्ली कशी काढली. मी मधेच विचारलं, त्या शिपायाला घर होतं का. तो म्हणाला, कादंबरीत तसा उल्लेख नाही. मी विचारलं, पगार. तो म्हणाला, "आई, तो तिच्यावर निस्सीम प्रेम करत होता."

"ते कळलं. ऱ्हात कुठं होता?"

शालन हसली. त्याला ते आवडलं नाही. पुढं त्यानं शेवट सांगितला. हेमकलेला महारोग होतो, सोनंनाणं चोर नेतात, ती देवळाच्या पायरीवर मरते, आणि मरताना तो शिपाई येऊन तिला क्षमा करतो. निवृत्तीचा आवाज जरा जड झाला होता तिथं. मला मात्र त्या शास्त्रीबुवांचा राग आला. बाईच्या हातात चार पैसे राहिलेले त्यांना बघवले नाहीत. काढून घ्यायला माणूस पुरेना, तेव्हा रोग आणला.

मी तसं बोलून दाखवलं. निवृत्ती म्हणाला, तुला त्यातली नैतिक बाजू कळत नाही, त्यात तुझा दोष नाही, तू शिकलेली नाहीस. हे तो चांगल्या मनानं म्हणाला. चांगल्या मनानं म्हटलेलंच जास्त लागतं.

मग त्यानं शालनकडं बघून सांगितलं, की तुला घर मागायची गरजच काय, हे घर तुझंच आहे. कधी काही बिघडलं तर भाऊ मेलेला नाही.

शालन चार वर्षांत त्याला उलटून बोलली नव्हती. तिनं हातातली मूठ परातीत सोडली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या घरात पाणी प्यायला भांडं घेताना मी वहिनीकडं बघते, मग घेते. वैजू पण बघते. तिला मी शिकवलं न्हाई. ती आपणहून शिकली."

तो उठून हातपाय धुऊन आला. नंतर म्हणाला, ठीक आहे, तुमची इच्छा असेल तर मी अटी मांडतो. बैठकीत पुरुषांनीच बोलायचं असतं, भाऊ म्हणून ते काम त्याचं. मी त्याच्याकडून दोन्ही अटी पुन्हा म्हणून घेतल्या, पाढा म्हणून घेतात तशा. त्यानं म्हणून दाखवल्या. मला वाटलं, झालं.

निवृत्ती वाईट मुलगा नव्हता, हे इथंच सांगते. दारू नाही, बाई नाही, पगार घरात द्यायचा. त्याचा बाप तो चार वर्षांचा असताना पटकीत गेला. मग मी अण्णांशी पाट लावला. अण्णांचं गुऱ्हाळ होतं, जमीन होती, पहिल्या बायकोचे दोन मुलगे होते. शालन आमच्या पाटानंतरची. अण्णांनी निवृत्तीला शिकवलं, एम.ए. केलं. त्याची अण्णांवर देवासारखी भक्ती. त्यांचा फोटो त्याच्या टेबलावर, आणि छापखान्यात गेलेल्या त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळ होती: 'परक्याच्या मुलाला निरपेक्ष प्रेमानं घडवणाऱ्या अण्णांना'. मला त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली होती. मी छान आहे म्हणाले होते.

रविवारी अकराच्या सुमाराला माणसं आली. हिंदुराव, त्यांचे थोरले भाऊ आनंदराव, तात्या, आणि विट्याचे आणखी दोघं. बाहेरच्या खोलीत सतरंजी, मधे ताटात नारळ, पानसुपारी आणि साखरेची वाटी. आम्ही बायका आत. दाराला पडदा, पण तो काही भिंत नव्हे.

चहा झाला. आनंदरावांनी स्वतःहूनच विषय काढला. म्हणाले, तात्यांनी घराचं कानावर घातलंय, पण ते घर आम्हा भावाभावांचा मान आहे, मुलगेही मोठे आहेत, त्यांना काय वाटेल, तर ते पुढं सवडीनं बघू. आधी कार्य उरकू. आम्ही काय पळून चाललोय का.

मी आत शालनचा हात धरला. आता निवृत्तीनं म्हणायचं होतं, की मग कार्यही सवडीनं बघू. एवढंच. मी त्याला हे वाक्यसुद्धा शिकवून ठेवलं होतं.

निवृत्तीनं घसा साफ केला. मला तो आवाज माहीत होता. वर्गात शिरण्याआधीचा.

"आनंदराव," तो म्हणाला, "घराचा विषय आपण सोडूनच देऊ. आमच्या घरात संस्कार महत्त्वाचे. बहिणीला आम्ही विकत नाही. आमची काहीही अपेक्षा नाही. तुम्ही फक्त नारळ द्या आणि मुलगी घेऊन जा."

हे वाक्य आमच्याकडं मुलाचे बाप बोलतात, उदारपणा दाखवायला, आणि मागून फ्रीज घेतात. मुलीच्या भावानं ते बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, वा सर, शिकलेलं घराणं असंच पाहिजे. कुणीतरी नारळ उचलला. तात्यांनी साखरेची वाटी हातात घेतली. साखर एकदा तोंडात गेली की ठरलं, मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

शालननं माझ्या हातातून हात सोडवून घेतला. रडली वगैरे नाही. उठून चुलीवरचं दूध उतरवायला गेली. तिच्या पाठीकडं बघून मला कळलं की ती हे असंच जाईल, कोइमतूरला, अनोळखी मुलखात, दोन मोठ्या सावत्र मुलांच्या घरात, आणि हिंदुरावांना काही झालं की पुन्हा एक ट्रंक घेऊन गाडीत बसेल. तेव्हा मी नसेन.

मी पडदा बाजूला करून बाहेर गेले.

पुरुषांच्या बैठकीत मी जन्मात बसले नव्हते. डोक्यावरचा पदर नीट केला, तात्यांच्या हातातली वाटी घेतली आणि सतरंजीवर बसून ती माझ्या मांडीखाली ठेवली, सरळ. म्हणजे ती घ्यायची तर मला हात लावावा लागेल.

"आई, आत जा," निवृत्ती म्हणाला.

मी म्हणाले, "तात्या, माझ्या पाटाला मध्यस्थ तुम्हीच होता. मी काय मागितलं होतं ते जरा सरांना सांगा."

तात्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले. ते खिडकीकडं बघत होते.

"तात्या, तुम्हाला ऐकू येतंय. सांगा, न्हाईतर मी सांगते, आणि मी सांगितलं तर तुमचं पण सगळं सांगीन."

"गोजरा," ते हळूच म्हणाले, "गेलेल्या माणसाचं कशाला काढतीस?"

"गेलेल्याचं काढत न्हाई. जित्या पोरीचं बोलतीय."

मग तात्यांनी सांगितलं. अडखळत, माझ्याकडं न बघता, पण खोटं काही बोलले नाहीत. माझ्या भावाच्या घरी बैठक बसली होती. अण्णा पंचेचाळीसचे, मी तेवीसची. मी भिंतीआड होते. पंचांनी विचारलं, बाईचं काय म्हणणं आहे. सगळ्यांना वाटलं पाटल्या मागेल, फार तर म्हैस. मी आतून सांगितलं, पोरगं शाळेत घालायचं, आणि ते जोवर पास होतंय तोवर शिकवायचं, ज्या वर्षी थांबवाल त्या वर्षी मी उठून जाईन. अण्णा भडकले. दुसऱ्याच्या पोराला खायला घालीन, गुरं राखील, म्हणाले, पण शाळा कशापायी? माझी दोन पोरं गुऱ्हाळावर राबतात, आणि हे काय बालिस्टर होणार? दोनदा उठून चपला घातल्या त्यांनी. बैठक तीन दिवस चालली. मी हलले नाही. शेवटी अण्णा हो म्हणाले. "त्यांना बाई पसंत पडली हुती," तात्या म्हणाले, "म्हून कबूल केलं. पोरासाठी न्हवं."

निवृत्तीचा चेहरा मी बघितला नाही, बघितला असता तर थांबले असते. आणि एकदा काढलं तर अर्धं कशाला ठेवा. उरलेलं मी सांगितलं. म्हणाले, पाटाला त्या वेळी दोघं तयार होते. दुसरा गणपा. माझ्याच वयाचा, हसरा, यात्रेत कुस्त्या मारायचा. मी त्याला हो म्हणाले होते, विहिरीवर, माझ्या तोंडानं. त्याच्याकडं बैलांची एक जोडी, तीही अर्धेलीनं. पोराला दप्तर त्याला झालं नसतं. अण्णांचं गुऱ्हाळ बघितलं आणि मी गणपाला दिलेला शब्द मोडला. एवढंच.

निवृत्ती म्हणाला, "अण्णा मला सायकलवरून शाळेत सोडायचे." कुणाला म्हणाला कोण जाणे.

"सोडायचे," मी म्हणाले. "पयली दोन वर्सं मी दारात उभी ऱ्हायची म्हणून. मग त्यांचं त्यांनाच ग्वाड लागलं. तू पयला आलास की गावभर सांगायचे. ते खोटं न्हवतं."

मग मी आनंदरावांकडं वळले. त्यांना म्हणाले, माझी एकच चूक झाली. मी पोराची शाळा मागितली, घर मागितलं नाही. पंचवीस वर्षं संसार केला, सासूचं आजारपण काढलं, गुऱ्हाळाचं रांधलं. अण्णा गेले आणि पंधराव्या दिवशी त्यांच्या मुलांनी मला सांगितलं, तुझा शिकलेला आहे ना, जा त्याच्याकडं. कायद्यानं भांडता आलं असतं म्हणे. कायदा मला कोण सांगणार, माझा मुलगा कादंबरीत होता. तर माझ्या पोरीची अट घर आहे, पाटाआधी, तिच्या नावावर. दुसरी अट वैजूची शाळा. जमत असलं तर साखर माझ्यापाशी आहे. नसलं तर चहा झालाच आहे.

आनंदराव उठले. आमच्या घरात बायका अशा बोलत नाहीत, असं काहीतरी पुटपुटले, चप्पल शोधायला लागले.

हिंदुराव बसूनच होते. सबंध बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, बसा. आमच्या धंद्यात माल घ्यायच्या आधी कस बघत्यात. कुणी रागं भरत न्हाई." मग मला म्हणाले, "काकी, माझी मालकीण बावीस वर्सं माझ्याबरोबर भट्टीपाशी बसली. तिच्या नावावर म्या काय केलं न्हवतं. तिनं मागितलं पण न्हवतं. ते मला अजून टोचतंय. घर लिहून देतो. पण सरांची सही पायजे. उद्या माझ्या पोरांनी विचारलं तर सांगता आलं पायजे, की भावाच्या संमतीनं झालंय."

सगळ्यांनी निवृत्तीकडं बघितलं.

तात्यांनी वहीच्या कागदावर दोन्ही अटी लिहिल्या, सावकाश, मोठ्या अक्षरात. निवृत्तीनं खिशातलं पेन काढलं. कागद दोनदा वाचला. मला वाटलं आता व्याख्यान देतो. पण त्यानं सही केली. मराठीचा प्राध्यापक, सही इंग्रजीत. मी मांडीखालची वाटी काढून पुढं ठेवली. आतमध्ये दुधाचं पातेलं पडल्याचा आवाज आला. शालननं सगळं ऐकलं होतं.

त्या घराचं सांगून टाकते. महिन्याच्या आत विट्याला जाऊन कागद झाले, मग पाट झाला. हिंदुराव नऊ वर्षं जगले, भट्टीच्या धुरानं छाती गेली. तेराव्याला मुलगे शालनशी नीटच बोलले, पण दुकानाच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि तिकीट काढून दिलं. ती आली ती स्वतःच्या घरात आली. पुढच्या दोन खोल्या तिनं भाड्यानं दिल्या. वैजू नर्सिंग शिकली. मी गेली बारा-पंधरा वर्षं तिथंच आहे. पाणी प्यायला कुठलंही भांडं घेते.

पण त्या रविवारी हे काही माहीत नव्हतं. पाहुणे गेले, सतरंजी तशीच होती, आणि निवृत्ती मागच्या दारी कपडे धुवायच्या दगडावर बसला होता. मी त्याच्यासाठी जेवण वाढून ठेवलं होतं. बराच वेळ आला नाही म्हणून बोलवायला गेले. माझ्या मनात होतं, याला काहीतरी मऊ बोलावं. सदतीस वर्षांचा माणूस, पण एका दिवसात बाप दुसऱ्यांदा गेला होता त्याचा.

तो म्हणाला, हे तू मला आधी का नाही सांगितलंस. मी म्हणाले, तुला अण्णा आवडत होते, मग कशाला सांगू.

तो म्हणाला, चारचौघांत सांगायची काय गरज होती. मी म्हणाले, चारचौघांत तूच घर सोडून दिलंस.

त्यानं चष्मा काढून पुसला. वाटलं, आता उठेल, जेवायला येईल. मी वळलेसुद्धा.

"तरी पण आई," तो माझ्या पाठीमागून म्हणाला, अगदी शांत, वर्गातल्या आवाजात, "तू त्या गणपाला शब्द दिला होतास. आणि पैसा बघून तो मोडलास. कारण काहीही असो, त्याला नीती म्हणता येत नाही."

मी मागं फिरले. मऊ बोलायचं होतं ते गिळलं.

"बरोबर," मी म्हणाले. "न्हाईच म्हणता येत. तुझी हेमकला नशिबाची, निवृत्ती. तिला महारोग झाला, पण पोरगं झालं न्हाई. झालं असतं तर तिनं त्याला शिकवलं असतं, आणि शिकून त्यानं तिच्यावरच पुस्तक लिहिलं असतं."